मास्तरांचा मतदारसंघ

२४ ऑक्टोबर २०१९. विधानसभेच्या मतमोजणीचा दिवस. हिंजवडीच्या ऑफिसात माझ्यासमोर दोन स्क्रीन होत्या. एकीवर दोन दिवसांपासून न सुटलेला बग आणि दुसरीवर निवडणूक आयोगाचं निकालाचं पान. बग तसाच पडून होता, रिफ्रेश मात्र दर पाच मिनिटांनी चालू होतं. मतदारसंघ मोर्शी, जिल्हा अमरावती. राज्याचे कृषिमंत्री अनिल बोंडे मागे पडत होते आणि स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे देवेंद्र भुयार पुढे जात होते. संत्र्याच्या पट्ट्यानं चक्क कृषिमंत्र्यालाच पाडलं होतं!

माझ्या शेजारी बसणारा माझा रूममेट सोलापूरचा. तोही रिफ्रेश करत होता, पण चेहरा पाडून. त्याचा मतदारसंघ सोलापूर शहर मध्य. ‘‘मास्तर गेले,’’ तो म्हणाला. मी विचारलं, कोणते मास्तर? त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तेंडुलकर कोण असं विचारलं होतं.

संध्याकाळी घरी फोन केला. माझे वडील एसटीत वाहक होते, मोर्शी-वरूड-अमरावती रस्त्यावर सगळी हयात गेली. मला वाटलं खूश असतील. ते म्हणाले, ‘‘गरिबाचं पोट्टं आमदार झालं का मंग ते गरिबाचं राह्यत नाई. पाह्यजो तू.’’

पुढचं तुम्हाला माहीत असेल. मार्च २०२२ मध्ये राजू शेट्टींनी भुयारांना संघटनेतून काढून टाकलं, ते पुढे अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेले आणि २०२४ ला हरले. वडिलांचं भाकीत खरं ठरलं की नाही, यात मी पडत नाही. एका माणसाच्या पाच वर्षांवरून असा नियम काढायचा नसतो. पण ते वाक्य डोक्यात राहिलं आणि ते तपासून बघायला मला मोर्शीपेक्षा सोलापूर जास्त उपयोगी पडलं. म्हणून हा लेख आपल्या गावाबद्दल कमी आणि त्या ‘मास्तरां’बद्दल जास्त आहे: नरसय्या आडम, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष, तीन वेळा आमदार.

आधी थोडं मागे जाऊ, कारण कामगाराच्या घरातला माणूस कायदेमंडळात पोचणं ही गोष्ट मुळात फार जुनी नाही.

इंग्लंडमध्ये १८३८ साली चार्टिस्ट कामगारांनी ज्या सहा मागण्या मांडल्या, त्यांतली एक होती खासदारांना पगार द्या. आज ऐकायला विचित्र वाटतं. आपल्याकडे आमदारांचं मानधन वाढलं की व्हॉट्सॲपवर शिव्यांचा पूर येतो. पण त्या काळी खासदाराला पगारच नव्हता, त्यामुळे ज्याच्याकडे जमीन किंवा भाडं येणारी घरं आहेत, तोच संसदेत बसू शकायचा. १८७४ मध्ये थॉमस बर्ट आणि अलेक्झांडर मॅक्डोनाल्ड हे दोन खाणकामगार पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा बर्टचा पगार त्याच्या भागातल्या खाणकामगारांच्या संघटनेनं वर्गणीतून दिला. सरकारी तिजोरीतून वर्षाला ४०० पौंड मिळायला १९११ साल उजाडावं लागलं.

आपल्याकडे अडथळा वेगळा होता. १९१९ च्या कायद्यानं प्रांतिक कायदेमंडळं मोठी झाली, पण मत फक्त मालमत्ता किंवा सारा भरणाऱ्याला. कामगारांचा आवाज म्हणून काही जणांना सरकार ‘नेमायचं’. वऱ्हाडाची तर आणखी एक गंमत. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख, इंग्रजांनी कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलेला. त्यामुळे इथून निवडून आलेल्या माणसालाही गव्हर्नरानं पुन्हा रीतसर नेमल्याशिवाय नागपूरच्या सभागृहात बसता येत नसे. निवडणूक जिंकायची आणि वर नेमणुकीचं पत्रही मिळवायचं! आपल्या भागातल्या सरकारी कामांचा वेग पाहता ही परंपरा कुठून आली असेल ते कळतं.

१९३५ च्या कायद्यात मात्र कामगारांसाठी स्वतंत्र जागा आल्या. देशभरातल्या प्रांतिक विधानसभांच्या १,५८५ जागांपैकी ३८. मुंबई प्रांतात १७५ पैकी ७, आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात ११२ पैकी २. आकडा किरकोळ आहे, पण त्यामागची कल्पना लक्षात घ्या. या जागा भूगोलावर नव्हे, धंद्यावर आधारलेल्या होत्या. नोंदलेल्या संघटनेचे सभासद किंवा ठरावीक उद्योगातले कामगार हाच मतदारसंघ. तुम्ही कोणत्या गल्लीत राहता याला महत्त्व नाही, कोणत्या गिरणीत जाता याला आहे. १९४६ मध्ये श्रीपाद अमृत डांगे मुंबई विधानसभेत गेले ते कामगार मतदारसंघातूनच.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक प्रौढाला मत मिळालं आणि या जागा गेल्या. ते योग्यच झालं. एका गिरणी कामगाराला मत आणि त्याच्या घरी विड्या वळणाऱ्या बायकोला नाही, अशी व्यवस्था टिकवण्यात काही अर्थ नव्हता. पण त्यातून एक गोष्ट बदलली, जिच्याकडे मी सोलापूरची कहाणी वाचेपर्यंत लक्षच दिलं नव्हतं. आता कामगारांना आपला माणूस निवडून आणायचा असेल, तर त्यांना एकमेकांजवळ राहावं लागणार होतं.

सोलापुरात ते राहत होते.

१८७७ साली तिथं सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली. लोकांच्या तोंडी तिचं नाव जुनी गिरणी. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. हातमागावर काम करणारे पद्मशाली विणकर त्याआधीपासून निजामाच्या तेलंगण भागातून दुष्काळ आणि बेकारीला कंटाळून इकडे येत होते. सोलापूरच्या पूर्व भागात आजही दुकानाच्या पाट्या तेलुगूत दिसतात. हे शहर चळवळीचं. १९३० मध्ये इंग्रजांनी इथं मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी दिली. लाल बावट्याची संघटना गिरण्यांत रुजली ती याच मातीत.

गिरणीत पुरुष आणि घरात विडी वळणारी बाई, असं या भागातल्या हजारो घरांचं गणित होतं. गिरणीचा पगार भाड्याला आणि किराण्याला, विडीची मजुरी बाकी सगळ्याला. मग गिरण्या एकेक करून बंद पडल्या. जुनी गिरणी १९६० च्या दशकातच गेली, उरलेल्या नव्वदच्या दशकापासून. पुरुष यंत्रमागावर गेले, रिक्षा चालवू लागले, काही घरी बसले. विडी मात्र चालू राहिली आणि घराची मुख्य कमाई झाली. सोलापुरात ६०-७० हजार विडी कामगार आहेत असं सांगतात आणि त्यात जवळपास सगळ्या बायका.

तुम्ही विडी म्हणता, आम्ही वऱ्हाडात बिडी म्हणतो. पण तिचं पान आमच्याकडून जातं, हे मला रूममेटच्या आजीनं सांगितलं. तेंदूपत्ता विदर्भातल्या जंगलांत उन्हाळ्यात तोडला जातो, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात, वाळवतात आणि पोत्यांतून तो सोलापूर, सिन्नरकडे जातो. मोर्शीहून उत्तरेला सातपुडा दिसतो, मेळघाट फार दूर नाही. तरी मी तेंदूच्या पानाचं पुढं काय होतं याचा कधी विचार केला नव्हता.

पुढं असं होतं. कारखान्यातून बाईला मोजून पानं, तंबाखू आणि दोरा मिळतो. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे. हजार विड्या म्हणजे सराईत हाताचा पूर्ण दिवस. शिवाय कारखान्यात नेऊन दिल्यावर तपासणारा माणूस मूठभर विड्या बाजूला काढतो: छाट. छाट काढलेल्या विडीची मजुरी नाही. पण कच्चा माल तर तुमच्या नावावर मोजून दिलेला असतो. म्हणजे पानं खराब निघाली तर ती भरून काढायची जबाबदारीही बाईचीच. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर क्लायंटनंच चुकीचा डेटा पाठवायचा, रिजेक्टही त्यानंच करायचं आणि पैसे आपले कापायचे.

विडीला १९६६ साली स्वतंत्र कायदा मिळाला: विडी आणि सिगार कामगार कायदा. घरी बसून काम करणारी बाईसुद्धा ‘कामगार’ आहे, हे त्यानं मान्य केलं. १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा आला. विडीवर उपकर बसवायचा आणि त्या पैशांतून दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरासाठी मदत द्यायची. कागदावर हे सगळं चोख होतं. पण कारखानदारानं तुमचं नाव रजिस्टरमध्ये लिहिलं, तर. ओळखपत्र दिलं, तर. सगळी लढाई या ‘तर’ची होती.

हीच लढाई नरसय्या आडम यांचं आयुष्य झाली. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेला हा तेलुगूभाषक तरुण माकपच्या कामगार संघटनेत आला आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये सोलापूर शहर दक्षिणमधून विधानसभेवर गेला. आणीबाणीनंतरची निवडणूक होती, हवा काँग्रेसविरोधी होती. माकपचे त्या वेळी महाराष्ट्रात ९ आमदार निवडून आले. आज हा आकडा वाचून डोळे चोळावे लागतात.

आणि मग? दोन वर्षांत विधानसभाच बरखास्त झाली. फेब्रुवारी १९८० मध्ये राष्ट्रपती राजवट आली आणि आडम पुन्हा सभागृहात गेले ते थेट १९९५ साली. मध्ये १५ वर्षं बाहेर. १९९५ ते ९९ युतीचं सरकार, हे विरोधात. १९९९ ला पुन्हा बाहेर. २००४ ला पुन्हा आत, या वेळी अख्ख्या राज्यातून माकपचे फक्त तिघे. सगळं मिळून ४५-५० वर्षांच्या सार्वजनिक आयुष्यात आमदारकीची वर्षं जेमतेम ११. मी हे सगळं एक्सेल शीटमध्ये मांडून पाहिलं, सवय वाईट. रिकामे रकाने भरलेल्या रकान्यांपेक्षा कितीतरी जास्त.

तरी लोकांनी त्यांना ‘माजी आमदार’ असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. आडम मास्तर, किंवा नुसतं मास्तर. आमदारकी येत-जात राहिली, संघटना मात्र कायम होती, आणि मला वाटतं हाच इथला मुख्य फरक आहे. आपल्याकडे आमदार हरला की त्याचं संपर्क कार्यालय बंद होतं. इथं माणूस हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच युनियनच्या ऑफिसात जाऊन बसतो, कारण छाट काढलेल्या विड्यांची तक्रार घेऊन बायका तिथं येणारच असतात. माकपमध्ये आणखी एक रीत आहे. आमदार-खासदारांनी मानधन पक्षाकडे जमा करायचं, पक्ष त्यांना ठरावीक रक्कम देणार. थॉमस बर्टला संघटना पगार द्यायची, इथं उलटं: सरकार पगार देतं आणि तो संघटनेकडे जातो.

आता घरांकडे येतो.

पूर्व भागातल्या वस्त्यांत आठ बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, त्याच खोलीत तंबाखूचं सूप, त्याच खोलीत चूल, हे चित्र वर्षानुवर्षं होतं. मजुरी दहा-वीस रुपयांनी वाढवून घेण्यासाठी महिनामहिना मोर्चे काढायचे आणि वाढलेली रक्कम घरमालकानं भाड्यात खाऊन टाकायची. मग घराचाच प्रश्न हातात का घेऊ नये? सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं. त्या वारली उठावाच्या नेत्या, १९९६ मध्ये गेल्या. सोलापूरपासून दहा-बारा किलोमीटरवर, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला कुंभारी गावाच्या माळावर १० हजार घरं. एका घराची किंमत ६० हजार रुपये. २० हजार केंद्राचे, २० हजार राज्याचे, २० हजार बाईचे.

२० हजार. हजार विड्यांच्या मजुरीत हा आकडा बसवून पाहा.

१ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते या घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. एका दुसऱ्या पक्षाच्या आमदाराच्या कार्यक्रमाला देशाचा पंतप्रधान का यावा? उत्तर दिल्लीत होतं. त्या वेळचं यूपीए सरकार डाव्यांच्या साठेक खासदारांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर उभं होतं. पक्षाची ताकद तेव्हा इतकी होती की सोलापूरच्या माळावरच्या १० हजार विडी कामगार बायकांचा आवाज थेट वरपर्यंत पोचू शकत होता. पुढं दोन वर्षांत, अणुकरारावरून, तो पाठिंबा निघाला.

२०२३ च्या संक्रांतीला मी रूममेटबरोबर सोलापूरला गेलो. सिद्धेश्वराची यात्रा होती, गड्ड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या आजीकडे कुंभारीला गेलो. सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या, एकसारखी घरं, पण १६-१७ वर्षांत प्रत्येकानं आपापल्या परीनं काहीतरी बदललेलं. कुणी पुढं पत्रे टाकलेत, कुणी मजला चढवलाय, कुणी ओट्यावर दुकान काढलंय. दुपारच्या उन्हात उंबऱ्यात बसलेल्या बायका, मांडीवर सूप. बोटं चालू आणि डोळे समोरच्या टीव्हीवर.

आजी नातवाशी तेलुगूत आणि माझ्याशी मराठीत बोलत होती, दोन्ही भाषांत हात थांबत नव्हता. घराच्या कागदावर तिचं स्वतःचं नाव आहे हे तिनं मला दोनदा सांगितलं. मी मास्तरांचं विचारलं. म्हणाली, ‘‘घर मास्तरांमुळं झालं बाबा. पण मी मत द्यायचं म्हटलं तर मास्तर इथं उभेच नसतात.’’

मला आधी कळलंच नाही. रात्री मोबाइलवर नकाशा उघडला तेव्हा लख्ख प्रकाश पडला. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव, महापालिकेच्या हद्दीबाहेर. मास्तर लढत होते शहर मध्यमधून. २००८ च्या पुनर्रचनेत त्यांचा जुना शहर दक्षिण मतदारसंघ नकाशावरूनच गेला होता. म्हणजे ज्या १० हजार कुटुंबांना त्यांनी घर मिळवून दिलं, ती त्या घरात राहायला गेली की त्यांच्या मतदारसंघातूनही गेली. काहींची नावं जुन्या यादीत राहिली असतील, काही जण मतदानाला शहरात येतही असतील. पण वस्ती हलली ती हललीच. १९३७ सारखी धंद्यावर आधारलेली जागा असती, तर हीच बाई कुठूनही विडी कामगार म्हणूनच मत देऊ शकली असती.

निवडणुका हरण्याचं हे एकच कारण नाही, उगाच हुशारी नको. गिरण्या गेल्या तशी गिरणगावची मतं विखुरली. नव्या मतदारसंघात २००९ ला काँग्रेसच्या प्रणिती शिंदे आल्या, नंतर एमआयएम, शिवसेना, भाजप अशी चौरंगी-पंचरंगी भांडणं झाली, त्यात जात आणि धर्म मजुरीपेक्षा मोठे ठरले. मास्तर २००९, २०१४, २०१९, २०२४ असे ओळीनं हरले. दर वेळी विडीवाल्या बायकांचे मोर्चे प्रचंड आणि मतपेटीत आकडा लहान. मोर्चातल्या सगळ्याच बायका मत देत नाहीत आणि देतात त्यांच्या घरातले पुरुष तेच देतात असं नाही. आमच्या भागातही असं होतं म्हणा. १९८९ मध्ये अमरावतीनं भाकपचे सुदाम देशमुख लोकसभेवर पाठवले होते, हे आज तिथल्या कॉलेजातल्या मुलांना सांगितलं तर हसतात.

हरत असतानाच मास्तरांनी दुसरी, तिप्पट मोठी योजना हातात घेतली: रे नगर. असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरं. विडीवाल्या, यंत्रमागवाले, शिलाई करणारे, कचरा वेचणारे, रिक्षावाले. ‘रे’ हे नाव राजीव आवास योजनेच्या इंग्रजी अद्याक्षरांवरून आलं. ती योजना काँग्रेसच्या काळातली. सरकार बदललं, योजना बदलली, पंतप्रधान आवास योजना आली. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेले कामगाराचे. नाव मात्र राहिलं, राजीव गांधींच्या योजनेचं, मोदींच्या योजनेतल्या वसाहतीला, कम्युनिस्टांच्या संस्थेनं दिलेलं. असं सरमिसळ नाव फक्त आपल्या देशातच पडू शकतं.

९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते पायाभरणी झाली. आयुष्यभर भाजपविरोधात बोललेले मास्तर व्यासपीठावर होते आणि त्यांनी मोदींचं आणि मुख्यमंत्री फडणवीसांचं कौतुक केलं. लोकसभेची निवडणूक तीन महिन्यांवर होती. मार्चमध्ये माकपनं त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं.

या प्रसंगावर मी आणि रूममेट तासन्‌तास भांडलो आहोत. त्याचं म्हणणं, ३० हजार घरांसाठी चार गोड शब्द बोलले तर काय बिघडलं? घर पक्षाला नको होतं, आजीला हवं होतं. माझं म्हणणं वेगळं होतं आणि आहे. घरकुल ही कुणाची मेहेरबानी नाही, सरकारी योजनेतून मिळणारी गोष्ट आहे. तिच्यासाठी कौतुक करावं लागत असेल, तर हक्क आणि उपकार यांत फरक उरत नाही, आणि मास्तरांनी ज्या बायकांना छाटीच्या विरोधात उभं राहायला शिकवलं, त्यांना हा फरक नक्की कळतो. पक्षाचा राग मला समजतो. पण एक कबूल करायला हवं: मी हे सगळं हिंजवडीतल्या टू बीएचकेच्या बाल्कनीत बसून म्हणत होतो. ज्याला भाड्याच्या खोलीत पावसाळा काढायचा आहे त्याच्या तोंडून हे वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

१९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५ हजार घरांचं वाटप झालं, पुन्हा मोदींच्याच हस्ते. लहानपणी आपल्याला असं घर मिळालं असतं तर, असं म्हणताना त्यांचा गळा दाटून आला, ती क्लिप तुम्ही पाहिली असेल. व्हायरल तीच झाली. ही घरं मुळात कुणी मागितली, कुणी संस्था काढली, कोण किती वर्षं मंत्रालयाच्या जिन्यांवर बसलं, हे त्या क्लिपमध्ये नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मास्तर शेवटची निवडणूक हरले.

आणखी एक गाठ आहे, ती सोडवायला मला जमलेली नाही. हे सगळं ज्या विडीवर उभं आहे, ती माणसं मारते. ओढणाऱ्यालाही आणि वळणाऱ्यालाही. आजीच्या घरात पाय ठेवला की तंबाखूचा वास नाकात चढतो आणि तिचा खोकला बोलण्याच्या मधेमधे येतो. गोदूताई वसाहतीचं नाव घेताना हे विसरून चालणार नाही. विडीवर कर वाढावा असं मला वाटतं, २०१७ ला जीएसटीत तिला २८ टक्क्यांत टाकलं तेव्हा मला त्यात काही गैर दिसलं नव्हतं. पण त्याच जुलैमध्ये विडीवरचा जुना उपकरही गेला, ज्याच्यातून या बायकांचे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालायच्या. कर राहिला, कल्याणाची खास वाट बुजली. सभागृहात त्या वेळी हे ओरडून सांगणारा विडीवाल्या घरातला कुणी नव्हता. संसदेत तर नव्हताच.

विधानसभेत सध्या माकपचा एकच आमदार आहे, डहाणूचे विनोद निकोले. ते पूर्वी वडापावच्या गाडीवर काम करायचे. २०१९ च्या प्रतिज्ञापत्रात त्यांची संपत्ती ५० हजारांच्या आसपास होती, २८८ मध्ये सगळ्यात कमी. २०२४ ला ते पुन्हा निवडून आले. म्हणजे दार पूर्ण बंद झालेलं नाही. डहाणूत आदिवासी कष्टकरी अजून एकमेकांजवळ राहतात, एवढं मात्र मी नकाशावर पाहून घेतलं.

माझी आजी मोर्शीच्या आसपासच्या शेतांत निंदायला, कापूस वेचायला जायची. नंतर संत्र्याच्या तोडणीला. तिची कुठल्या रजिस्टरमध्ये नोंद नव्हती, ओळखपत्र नव्हतं, छाट काढायलाही कुणी नव्हतं, कारण मजुरी ठरवणारा आणि देणारा एकच. आमच्या तालुक्यानं निवडून दिलेले आमदार शेतकऱ्यांबद्दल बोलले, संत्र्याच्या भावाबद्दल बोलले, अप्पर वर्धाच्या पाण्याबद्दल बोलले. संत्रा तोडणाऱ्या बाईची मजुरी या विषयावर एकही भाषण माझ्या वडिलांना आठवत नाही आणि त्यांची आठवण तिकिटाच्या हिशोबाइतकी पक्की आहे.

मागच्या दिवाळीत मी त्यांना सोलापूरची ही सगळी गोष्ट सांगितली. त्यांचंच वाक्य त्यांना परत ऐकवलं, आणि मास्तरांचं उदाहरण दिलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘वीस हजार भरले होते ना त्या बायांनी?’’

हो म्हटलं.

‘‘मंग पावती असन त्यायच्यापाशी,’’ ते म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले.